जुन्या पोस्टाच्या तिकिटांवरचे छपाईचे दोष कसे ओळखायचे : नवीन जमवणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये राहून पोस्टाची तिकिटं जमवायची म्हणजे आपल्याला एक गोष्ट फुकटात मिळालेली असते, ती म्हणजे यातली बरीचशी तिकिटं आपल्याच गावात छापलीयेत. १८५५ पासून जवळपास ७० वर्षं भारताची तिकिटं लंडनहून डे ला रू कंपनीकडून छापून यायची, मग १९२५-२६ च्या सुमारास नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये हे काम सुरू झालं आणि पंचम जॉर्जच्या तिकिटांपासून ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या ‘जय हिंद’ तिकिटांपर्यंत सगळं इथून निघालं. त्यामुळे इथे जेलरोड, उपनगर, देवळालीगाव या भागात घराघरात कुणी ना कुणी प्रेसमध्ये नोकरीला होतं, आणि छपाई कशी चालते हे समजावून सांगणारी माणसं अजून आहेत. तुमच्या ओळखीत असा कुणी रिटायर्ड काका असेल तर त्यांच्याशी जाऊन बोला, कॅटलॉग म्हणजे तिकिटांच्या माहितीचं यादीपुस्तक वाचून जे डोक्यात शिरत नाही ते अशा माणसाशी अर्धा तास बोलून शिरतं.

आता मुद्द्यावर येतो. नवीन माणूस तिकीट घेऊन येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, यावर डाग आहे, एरर म्हणजे छपाईतली चूक आहे का, किती येतील. किमतीचं नंतर बघू. आधी हा दोष जन्मला कुठे ते शोधायचं. चारच जागा असतात. एक, ज्या प्लेटवरून किंवा सिलिंडरवरून छापलं तिथेच दोष होता. दोन, प्लेट ठीक होती पण मशीन चालताना काहीतरी झालं, कागद सरकला, शाई कमी पडली, कचरा आला. तीन, छपाई नीट झाली पण भोकं पाडताना म्हणजे परफोरेशनला गडबड झाली. आणि चार, तिकीट पोस्टातून विकल्यावर बाहेर त्याचं काहीतरी झालं, ऊन लागलं, पाणी लागलं, कुणी ब्लेड चालवलं. माझ्याकडे लोक जी ‘एरर’ घेऊन येतात त्यातली बहुतेक या चौथ्या जागेची असतात. हे वाचून नाराज होऊ नका, उलट हे एकदा कळलं की उरलेल्यातलं खरं चटकन दिसायला लागतं.

सामान काय लागतं

फार काही नाही. १० पटीचं भिंग, ज्याला लूप म्हणतात, ते चांगलं काचेचं घ्या, प्लॅस्टिकच्या भिंगात कडेला रंग फाटतात आणि मग नसलेला कलर शिफ्ट, म्हणजे रंग सरकलेला, दिसायला लागतो. तिकिटाचा चिमटा, सपाट टोकाचा, भुवया करायचा चिमटा नाही चालत कारण त्याच्या टोकानं कागदाला खाच पडते. परफोरेशन गेज, म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते मोजायची पट्टी, गेज १४ म्हणजे २ सेंटिमीटरला १४ भोकं, एवढंच ते गणित. वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, बघायला एक काळी छोटी डिश. आणि मोबाईलचा कॅमेरा चालेल पण स्कॅनर असेल तर फार बरं, ६०० डीपीआयच्या खाली स्कॅन करू नका, बारीक दोष असेल तर १२००.

आणि या सगळ्याहून महत्त्वाचं सामान म्हणजे त्याच तिकिटाची एक साधी, चांगली, बिनदोषाची कॉपी. तुलना करायला नॉर्मल तिकीट शेजारी नसेल तर तुम्ही दोष ओळखूच शकत नाही, फक्त अंदाज बांधता. दोन्ही एकत्र ठेवा, त्याच उजेडात, खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात बघा पण थेट उन्हात नको, आणि पिवळ्या बल्बखाली तर रंगाबद्दल काहीच ठरवू नका.

आधी छपाई कोणती ते ओळखा

ही पायरी बहुतेक लोक सोडून देतात आणि मग पुढचं सगळं चुकतं. कारण प्रत्येक छपाईचे काही दोष वेगळे असतात, ग्रॅव्ह्युअरमधले काही दोष लेटरप्रेसमध्ये होऊच शकत नाहीत.

शिकायला सगळ्यात सोपी आणि स्वस्त जोडी सांगतो. १५ ऑगस्ट १९४९ ला निघालेली पुरातत्त्व मालिका घ्या, त्यात १६ तिकिटं आहेत, ३ पैवर अजिंठ्याचा हत्ती, २ आण्यावर नटराज, ६ आण्यावर विजापूरचा गोल घुमट, पुढे १५ रुपयांपर्यंत. वरच्या छापील किमतींचं सोडा, छोट्या छापील किमतींची वापरलेली तिकिटं कुठल्याही डीलरकडे सहज आणि कमी पैशात मिळतात. यातली कमी किमतीची तिकिटं लेटरप्रेसनं म्हणजे टायपोग्राफीनं छापली आणि जास्त किमतीची ऑफसेट लिथोनं, म्हणजे सपाट प्लेटवरून आधी रबरावर आणि तिथून कागदावर. आता २ आण्याचा नटराज भिंगाखाली धरा. रेषांच्या कडेला शाई दाटलेली दिसेल, मधे थोडी फिकी आणि कडेला गडद अशी किनार, कारण लेटरप्रेसमध्ये उंच भागाला शाई लागते आणि दाबल्यावर ती बाहेर सरकते, रबरी शिक्का जोरात मारल्यावर होतं तसं. तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात धरलं तर कधीकधी मागे हलका उठाव पण जाणवतो. मग शेजारी ६ आण्याचा गोल घुमट ठेवा. इथे शाई सपाट बसलेली, किनार नाही, मागे उठाव नाही, सगळं एका पातळीत. हा फरक एकदा डोळ्यात बसला की परत विसरत नाही.

तिसरा प्रकार फोटोग्रॅव्ह्युअर. नाशिकच्या प्रेसमध्ये या पद्धतीनं छापलेली पहिली तिकिटं म्हणजे १ ऑक्टोबर १९५२ ची संत आणि कवींची मालिका, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. मीराचं २ आण्याचं तिकीट घ्या आणि अक्षरांची कड बघा. ती सरळ दिसणार नाही, करवतीच्या दातासारखी दिसेल, कारण ग्रॅव्ह्युअरमध्ये चित्र असो की अक्षर, सगळं बारीक बारीक खड्ड्यांच्या जाळीतून छापलं जातं. ऑफसेटमध्ये फोटो ठिपक्यांचा असतो पण अक्षर बहुतेक वेळा गुळगुळीत कडेचं असतं. फक्त अक्षराची कड बघून या दोन्हींतला फरक निम्म्याहून जास्त वेळा कळतो.

याचा एक थेट उपयोग सांगतो. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं, १½ आणा, ३½ आणे, १२ आणे आणि १० रुपये, ही नाशिकची नाहीत, स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए कंपनीनं फोटोग्रॅव्ह्युअरनं छापलीयेत. १० रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. भिंगाखाली जर ऑफसेटचे रंगीत ठिपके गुलाबाच्या पाकळ्यांसारखे जमलेले दिसले तर पुढे काही बघायची गरजच नाही, ते तिकीट नक्कल आहे, मग त्यावर कितीही ‘दोष’ असू दे.

चौथी रिसेस म्हणजे कोरीव प्लेटची छपाई, १८४० च्या पेनी ब्लॅक या ब्रिटिश तिकिटासारखी, त्यात शाईचा उंचवटा बोटाला लागतो. भारताच्या जुन्या तिकिटांत ती क्वचितच भेटते म्हणून इथे एवढंच पुरे.

प्लेटवरचे दोष

जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं अभ्यासाचा खरा माल इथे आहे. प्लेटवर ओरखडा पडला, अक्षराचा तुकडा उडाला, काहीतरी जास्तीचं उमटलं, तर प्लेट दुरुस्त होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत त्या प्लेटच्या प्रत्येक शीटवर, म्हणजे बरीच तिकिटं एकत्र छापलेल्या अख्ख्या कागदावर, त्याच जागी तोच दोष येत राहतो. याला कॉन्स्टंट व्हरायटी म्हणतात. कॅटलॉगमध्ये अशी जागा आर ९/३ अशी लिहिलेली असते, म्हणजे वरून नववी ओळ आणि त्या ओळीत डावीकडून तिसरं तिकीट.

नाशिकच्या छपाईतला प्रसिद्ध नमुना म्हणजे १९३५ च्या पंचम जॉर्ज सिल्व्हर ज्युबिली मालिकेतला ‘बर्ड फ्लॉ’. या मालिकेत ½ आण्यावर गेटवे ऑफ इंडिया आहे, १ आण्यावर रामेश्वरम, २½ आण्यावर ताजमहाल, आणि ३½ आण्यावर अमृतसरचं सुवर्णमंदिर. या ३½ आण्याच्या तिकिटावर एक जास्तीची खूण आलीये जी उडणाऱ्या पक्ष्यासारखी दिसते, म्हणून हे नाव पडलं. आता नवीन माणूस काय करतो, ३½ आण्याच्या कुठल्याही तिकिटावर कुठेही शाईचा ठिपका दिसला की पक्षी सापडला म्हणून खूश होतो. तसं नाही चालत. दोष त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच दिशेला तोंड केलेला पाहिजे, कॅटलॉगमधल्या चित्राशी तंतोतंत जुळला पाहिजे, जुळल्यासारखा वाटून उपयोग नाही. दुसरं, खूण छपाईच्याच शाईची आहे का बघा. भिंगाखाली तिचा रंग, चमक आणि कागदात बसायची पद्धत चित्राच्या शाईसारखीच हवी. पेनानं काढलेली खूण कागदाच्या तंतूंमध्ये पसरते, बहुतेक वेळा चित्राच्या शाईच्या वर बसलेली दिसते आणि शिक्क्याच्या काळ्या शाईवरून गेलेली असेल तर विषयच संपला, कारण शिक्का नंतर मारतात, छपाईची खूण शिक्क्याच्या वर कशी येईल.

एक दोष कॉन्स्टंट आहे की नाही हे ठरवायचं कसं, तर दुसरी कॉपी शोधून. तोच दोष त्याच जागी असलेली दोन तिकिटं, वेगवेगळ्या लॉटमधून आलेली, वेगवेगळ्या गावच्या शिक्क्यांची, मिळाली तर तुमच्या हातात काहीतरी आहे. एकच असेल तर ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवा, फेकू नका. शीटच्या कडेचा कागद म्हणजे मार्जिन जोडलेलं तिकीट मिळालं तर ते कधीच फाडू नका, त्यावरून शीटमधली जागा ठरवता येते, आणि एकमेकांना जोडलेल्या चारच्या ब्लॉकमध्ये दोषाचं तिकीट असेल तर ब्लॉक तसाच राहू द्या, सुटं केलं की पुरावा जातो.

इथेच एक वेगळी गोष्ट सांगून टाकतो कारण ती नेहमी मधे येते, डिझाइनची चूक आणि छपाईचा दोष या दोन गोष्टी आहेत. त्याच १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत १ आण्यावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, ती उलटी म्हणजे आरशात दिसते तशी आली, डावा हात पुढे केलेला. १९५० मध्ये ती सुधारून उजवा हात पुढे असलेलं तिकीट काढलं. दोन्ही जमवा, दोन्ही शेजारी लावा, अल्बमच्या पानावर फार छान दिसतात. पण पहिल्याला दुर्मिळ एरर म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका, ती चूक प्रत्येक शीटच्या प्रत्येक तिकिटावर होती आणि त्या काळात घरोघरी पत्रांवर लागली होती.

मशीन चालताना होणारे दोष

हे बघायला सगळ्यात आकर्षक आणि यातच सगळ्यात जास्त फसगत.

रंग सरकणं, म्हणजे कलर शिफ्ट. दोन किंवा जास्त रंगांचं तिकीट असेल तर प्रत्येक रंग वेगळा छापला जातो आणि कागद जरा सरकला की एक रंग बाजूला पडतो. बारीकसा सरकलेला असेल तर त्याला फार महत्त्व नाही, जुन्या मशीनवर तेवढं व्हायचंच. नजरेत भरेल एवढा, म्हणजे चेहरा चौकटीबाहेर गेलाय, किंमत भलत्या जागी गेलीये, असा असेल तर जपून ठेवा.

रंग गायब. मोठी एरर, आणि नकला पण सगळ्यात जास्त याच्याच. नियम कडक ठेवा, रंग पूर्ण गायब पाहिजे, भिंगाखाली एक ठिपका जरी उरलेला दिसला तर ती गायब नाही, फिकी छपाई आहे. मग विचार करा की हा रंग बाहेर उडाला असेल का. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये हिरवा हा बहुतेकदा निळा आणि पिवळा मिळून होतो, आणि पिवळी शाई उन्हाला टिकत नाही, मग दुकानाच्या शोकेसमध्ये किंवा खिडकीत वर्षभर राहिलेल्या तिकिटाची झाडं निळी होतात आणि माणूस पिवळा रंग गायब म्हणून विकायला काढतो. अशा तिकिटाचे बाकीचे रंग पण जरा उतरलेले असतात, लाल गुलाबीकडे गेलेला असतो, कागदाचा पांढरेपणा समोर आणि मागे वेगळा दिसतो. काही लोक मुद्दाम केमिकल लावून रंग काढतात, तिथे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कागद ठिपक्याठिपक्यानं वेगळा चमकतो. शक्य असेल तिथे ही एरर नॉर्मल तिकिटाला जोडलेली, म्हणजे एकात रंग आहे आणि शेजारच्यात नाही, अशी जोडीच घ्यावी.

मधलं चित्र उलटं. याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला नाशिकच्या आधीचा आहे, १८५४ चं ४ आण्याचं तिकीट, कलकत्त्याला लिथोग्राफीनं छापलेलं, लाल चौकट आणि आत व्हिक्टोरिया राणीचं निळं डोकं. दोन रंग म्हणून कागद मशीनमध्ये दोनदा गेला आणि काही शीट दुसऱ्या वेळी उलट्या गेल्या, डोकं उलटं छापलं गेलं. जगात मोजकीच उरलीयेत आणि मोठ्या लिलावातच दिसतात, म्हणून कुणी पाकिटात घालून घरी दाखवायला आणलं तर नमस्कार करून परत द्या. पण ही एरर समजून घेणं गरजेचं आहे कारण तिच्यातून नियम कळतो : मधलं चित्र उलटं येण्यासाठी दोन वेगळ्या छपाया लागतात. एकाच रंगाच्या, एकाच वेळी छापलेल्या तिकिटावर असं होऊच शकत नाही, झालेलं दिसलं तर ते कापून चिकटवलेलं आहे.

मागच्या बाजूला छपाई. यात तीन गोष्टी वेगळ्या करा. मागे चित्र आरशातल्यासारखं उलट दिसत असेल, फिकं आणि तुटक असेल, तर ओल्या शीट एकावर एक ठेवल्यामुळे शाई लागली, याला सेट-ऑफ म्हणतात, चांगली गोष्ट आहे पण फार मोठी नाही. उलट आहे पण स्वच्छ, पूर्ण आणि ठसठशीत आहे, तर मशीन एकदा कागदाशिवाय फिरलं, चित्र दाबणाऱ्या सिलिंडरवर उतरलं आणि पुढच्या शीटच्या पाठीला लागलं, हे जास्त चांगलं. आणि मागे अक्षरं सरळ वाचता येत असतील तर शीट दोन्ही बाजूंनी छापली गेली, ही खरी एरर. एवढंच लक्षात ठेवा की मागे बघताना वाचता येतंय का हा पहिला प्रश्न.

डबल प्रिंट म्हणून जे विकतात त्यातलं बहुतेक घसरलेली छपाई असते, दाबताना कागद किंचित हलला आणि कडा दुहेरी दिसल्या. खऱ्या डबल छपाईत दुसरं चित्र पूर्ण असतं, प्रत्येक रेषेला जोडीदार असतो, एकाच बाजूच्या कडेला सावली आलेली चालत नाही.

गोल पांढऱ्या कड्यात रंगीत ठिपका, हा लिथो आणि लेटरप्रेस दोन्हीत दिसतो. धुळीचा कण शाईत आला, कण स्वतः छापला गेला आणि त्याच्या उंचीमुळे भोवतीचा कागद प्लेटला लागलाच नाही. कण निघून जाईपर्यंत काही शीटवर येतो आणि मग नाहीसा होतो, त्यामुळे त्याला प्लेटचा दोष म्हणू नका.

ग्रॅव्ह्युअरमध्ये एक खास दोष असतो, बारीक सरळ रंगीत रेघ, कधी अख्ख्या तिकिटावरून गेलेली, शेजारच्या तिकिटात पण पुढे चालू असलेली. ग्रॅव्ह्युअरच्या सिलिंडरवरची जादा शाई एक पातळ पोलादी पातं पुसून काढतं, त्याला डॉक्टर ब्लेड म्हणतात. त्या पात्याखाली खडा अडकला की तिथली शाई पुसली जात नाही आणि सिलिंडर फिरायच्या दिशेनं रेघ येते. १९५२ नंतरच्या नाशिकच्या तिकिटांवर, पंचवार्षिक योजना मालिकेवर, १९५७ च्या नकाशा मालिकेवर, असली रेघ शोधायला मजा येते. नकाशाची नया पैशाची तिकिटं ढिगानं मिळतात, एका रंगाची आहेत, म्हणून नवीन माणसानं सरावासाठी तीच घ्यावी, शंभरेक तिकिटांचा गठ्ठा आणा आणि एकेक भिंगाखाली घाला. रेघ तिरकी किंवा वाकडी असेल तर ती ब्लेडची नाही, कुणाच्या तरी नखाची किंवा प्लेटवरच्या ओरखड्याची.

कागदाची घडी. छपाईच्या आधी कागद दुमडला असेल तर तिकीट उलगडल्यावर चित्रातून पांढरा पट्टा जातो. घडीच्या आत शाई असेल तर घडी छपाईनंतर पडली, म्हणजे नुसतं चुरगळलेलं तिकीट. पांढरा पट्टा खरा की शाई खरवडून केलेला, हे तिरप्या उजेडात कळतं, खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात.

भोकांची गडबड

इम्पर्फ म्हणजे भोकं न पाडलेलं तिकीट. सुटं इम्पर्फ कधीही घेऊ नका, कधीही. कारण मोठ्या मार्जिनचं नॉर्मल तिकीट कात्रीनं चारी बाजूंनी कापलं की इम्पर्फ तयार. जोडी पाहिजे, मधे भोकं नसलेली, तरच विश्वास ठेवायचा. जोडी घेतली तरी मधल्या जागेत भिंग फिरवा, कधीकधी भोकाच्या जागा दाबलेल्या असतात पण कागद सुटलेला नसतो, त्याला ब्लाइंड परफोरेशन म्हणतात, इम्पर्फ नाही, आणि किमतीत फार फरक आहे. उलटा प्रकार पण होतो, नंतर भोकं पाडून दुसरंच तिकीट असल्याचं दाखवतात, म्हणून गेज लावून चारी बाजू मोजा आणि समोरासमोरच्या बाजू एकमेकींशी जुळतायत का बघा, भोकांचा आकार पण सारखा पाहिजे.

सरकलेली भोकं, चित्रातून गेलेली, ही दिसायला छान असतात आणि नवीन माणसाला परवडतात, सुरुवात करायला चांगली.

वॉटरमार्क

याला लोक कंटाळतात, पण नाशिकच्या तिकिटांत याच्याशिवाय चालत नाही. १९२६ पासून कागदावर अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्क होता, १९५८ च्या सुमाराला अशोकस्तंभाच्या सिंहांचा आला, म्हणून नकाशा मालिका दोन्ही कागदांवर सापडते आणि समोरून बघून काहीच फरक कळत नाही. तिकीट काळ्या डिशमध्ये तोंड खाली करून ठेवा, तिरप्या उजेडात बघा, नाही दिसलं तर वॉटरमार्कसाठी मिळणाऱ्या फ्लुइडचे दोनतीन थेंब टाका. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा जवळ नको, बेंझिनसारखी फ्लुइडं झटकन पेट घेतात. आणि ग्रॅव्ह्युअर तिकिटांची शाई काही फ्लुइडमध्ये सुटते, म्हणून आधी फाटक्या तिकिटावर प्रयोग करा.

तारा उलटा आहे का, आडवा आहे का, आडवा असेल तर टोक डावीकडे की उजवीकडे, हे सगळं नोंदवा. १९३१ च्या नवी दिल्ली मालिकेत, जी विमानटपालाची तिकिटं सोडली तर आपली पहिली चित्रांची तिकिटं, डावीकडे आणि उजवीकडे टोक असलेले दोन्ही प्रकार वेगळे धरतात. दिशा समोरून धरायची की मागून, ते कॅटलॉगच्या सुरुवातीच्या पानांत लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय डावं उजवं लिहू नका.

विकत घेताना आणि घरी जपताना

आपल्या गावात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘हे थेट प्रेसमधलं आहे’. असं सांगून कुणी काही दाखवलं तर हात लावू नका. छपाईत बिघडलेले कागद नष्ट करायचे असतात, पोस्टाच्या खिडकीवरून विकलेच नाहीत तर ते तिकीटच नाही, नुसता छपाईचा कचरा आहे, आणि तो बाहेर असणंच मुळात बेकायदेशीर. ज्या एररला किंमत आहे ती तपासणीतून सुटून पोस्टात पोचलेली आणि गिऱ्हाइकाला मिळालेली. प्रेसमधल्या लोकांनी वर्षानुवर्षं डोळ्यात तेल घालून तपासणी केली म्हणूनच ती कमी आहेत, त्या कामाचा मान आपण पण राखला पाहिजे.

जुनी पत्रं हातात आली, आजोबांच्या ट्रंकेत, रद्दीवाल्याकडे, कुठेही, तर तिकीट पाण्यात टाकून सोडवायची घाई नको. पाकिटासकट ठेवा. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख सांगते की हा दोष कधीच्या छपाईत होता, आणि अशी पाचसहा पाकिटं जमली की प्लेट कधी दुरुस्त झाली याचा पण अंदाज येतो. सोडवायचंच असेल तर कोमट नाही, साधं पाणी, आणि आधी कोपऱ्यावर ओला कापूस लावून रंग सुटतोय का बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे घरात जी ओल असते ती कोऱ्या तिकिटांच्या डिंकाची वाट लावते, तिकिटं अल्बमला चिकटतात आणि कडांना तपकिरी ठिपके पडतात. अल्बम उभे ठेवा, एकमेकांवर रचू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लॅमिनेशन तर चुकूनही नाही.

प्रत्येक दोषाच्या तिकिटाबरोबर एक छोटी चिठ्ठी ठेवायची सवय लावा. त्यावर मालिका, साल, किंमत, छपाईची पद्धत, दोष नेमका कुठे, तो प्लेटचा वाटतो की मशीनचा, वॉटरमार्क, शिक्का वाचता येत असेल तर गाव आणि तारीख, आणि कुठून मिळालं. चिठ्ठी वेगळ्या ग्लासिन म्हणजे पातळ गुळगुळीत कागदाच्या पाकिटात, तिकिटाला पेन लावायचं नाही, मागे पेन्सिलनं सुद्धा लिहायचं नाही. स्कॅन करताना नॉर्मल तिकीट शेजारी ठेवून पुढून आणि मागून दोन्ही काढा.

कॅटलॉगमध्ये दोष सापडला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि सापडला म्हणून तुमचं तिकीट खरं ठरत नाही. मोठ्या रकमेची गोष्ट असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी असं काम करते, पण त्याला खर्च आणि वेळ लागतो म्हणून आधी वरच्या सगळ्या पायऱ्या घरी करून बघा. त्या करून झाल्यावरही दोष टिकला आणि दुसरी कॉपी सापडली, तर दोन्हींचे स्कॅन घेऊन एखाद्या जुन्या जाणत्या जमवणाऱ्याकडे जा, तिकीट स्वतःच्या हातानं चिमट्यानं काढा आणि त्यांना भिंगाखाली बघू द्या.